एकतिसाव्या सांध्याची बाही

एकतिसाव्या सांध्यावर बाही चुकीची होती.

हाम जोंग-रानला हे कळायला पाव मिनिटही लागलं नाही. सोल्मे शहराच्या उष्णजल कंपनीच्या आवारात लाकडी ठोकळ्यांवर नळाचा कापून आणलेला तुकडा पडला होता. पुरुषभर लांब, कवेत जेमतेम मावेल इतका जाड, अंगावरचा चिखल गोठून दगड झालेला. मधोमध तो फाटला होता. तीन दिवसांपूर्वी सकाळी पावणेनऊला त्या फटीतून उकळतं पाणी रस्ता फोडून वर आलं. चौकातल्या बसथांब्याशी भाजलेली रताळी विकणारी गोंग आजी गाडीसकट त्यात सापडली. ती वाचली नाही.

जोंग-रान वाकली, हातमोजा काढला आणि नळाच्या खालच्या अंगाने बोट फिरवलं. बोटाला शिवण लागली.

शिवण असायला नको होती.

सगळ्या शहराच्या घरांतली जमीन ज्या पाण्याने ऊबदार राहते, ते या नळांतून जातं. आत लोखंड, भोवती फेसाचा जाड थर, वर काळं प्लास्टिकचं कवच. दोन नळ वेल्डिंगने जोडले की सांध्यापाशी लोखंड उघडं राहतं. त्यावर प्लास्टिकची बाही ओढायची, ज्योत फिरवून ती आवळायची आणि आत फेस भरायचा. बाह्या दोन जातींच्या. बंद बाही बांगडीसारखी अखंड असते. ती जोडणीच्या आधीच नळावर चढवून ठेवावी लागते. विसरलात, तर नळ कापण्यावाचून इलाज नाही. उघडी बाही चादरीसारखी केव्हाही गुंडाळता येते, पण तिला शिवण असते, आणि शिवण म्हणजे पाण्याला वाट.

अकरा वर्षांपूर्वी या लाईनची बाही जोंग-राननेच निवडली होती. सहा महिने तिने नमुने उकळले होते, वाळूत घासले होते, ओढून फाडले होते. मग नियम लिहिला: फक्त बंद बाही. विसरल्यास नळ कापून पुन्हा जोडावा. अपवाद नाही. ‘अपवाद नाही’च्या खाली तिने रेघ ओढली होती, आणि खरं सांगायचं तर त्या रेघेचा तिला अभिमान होता.

“विसरला, झालं,” मागून संचालक मिन म्हणाले. तीन रात्री झोप नसलेला माणूस. “रजिस्टरात स्वच्छ लिहिलंय. सांधा एकतीस, बारा नोव्हेंबर, वेल्डर मेंग इल-दो. बाही चढवायला विसरला, अंगाशी येईल म्हणून उघडी गुंडाळली. अकरा वर्षं पाणी मुरलं, लोखंड सडलं. शुक्रवारपर्यंत अहवाल द्या, शनिवारपासून नववर्षाची सुट्टी आहे.”

“इल-दो वारलाय, साहेब. त्याला विचारता येणार नाही.”

“म्हणून तर कुणाचं नुकसान नाही.” मिन वाईट माणूस नव्हते, फक्त थकले होते. निघताना ते थांबले. “आणि हामबाई, त्या सांध्याच्या तपासणीवर सही तुमची आहे. तेवढं ध्यानात असू द्या.”

सही तिचीच होती. त्या आठवड्यात बर्फमिश्रित पाऊस होता, चाळीस सांधे तपासायचे होते, आणि तिने चरात न उतरता फोटोची झेरॉक्स पाहून सही केली होती. फोटो वरून काढलेला. शिवण खालच्या अंगाला.

फाटकापाशी एक बाई कधीपासून उभी होती. अंगावर खानावळीचा एप्रन, वर पुरुषी जॅकेट. मेंग इल-दोची बायको, ओक-बुन. जोंग-रान तिच्या हातच्या शेवयांचं सूप कित्येकदा प्यायली होती.

“आत येत नाही, ताई,” ओक-बुन म्हणाली. “एकच विचारते. तो विसरला, असं म्हणतात. खरं आहे?”

“अजून तपास चालू आहे.”

“काल गोंग आजीचा मुलगा खानावळीत आला. काही मागवलं नाही. भिंतीवर ह्यांचा फोटो आहे ना, त्याच्यासमोर तासभर नुसता बसून होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.” तिने एप्रनला हात पुसले, हात कोरडेच होते. “आणि थोरल्या दिरांचा निरोप आलाय. यंदा नववर्षाच्या सकाळी पितरांच्या पानापुढं ह्यांच्या नावाचा कागद लावायचा नाही. माणूस मारणाऱ्याला पान नाही, म्हणाले.”

जोंग-रानने हातमोजा परत चढवला.

“तो चुकला असेल तर मी मान्य करीन,” ओक-बुन म्हणाली. “पण मला खरं सांगा. पाच दिवस आहेत.”

*

पहिली साक्ष प्यो गी-चुलची.

प्यो म्हणजे त्या लाईनचा मुकादम. आता एकोणसत्तर वर्षांचा, निवृत्त. पण घरी करमत नाही म्हणून आवारात येऊन झाडू मारायचा. जोंग-रान नोकरीला लागली तेव्हा साहित्य विभागातली एकटी बाई. सगळे हसायचे. प्योने तिला चरात उतरवलं, बाही हातात दिली आणि डोळे मिटायला सांगितलं. चांगली बाही बोटांना कळते, म्हणाला. आजही तिला ती बोटांनाच कळायची.

त्याने येताना सुकवलेल्या पर्सिमनची पुडी आणली होती. टेबलावर ठेवली आणि टोपी गुडघ्यावर घेऊन बसला.

“बारा तारखेला एकतिसावा सांधा कुणी केला, काका?”

“इल-दोने.”

“तुम्ही तिथे होता?”

“दुसऱ्या टोकाला होतो. पुलाकडे.”

“उघडी बाही आली कुठून? त्या लाईनला एकही दिली नव्हती.”

“जुन्या कोठारात पडलेल्या असायच्या. आणली असेल.”

“तुम्ही सांधा पाहिला नाहीत?”

“वरून पाहिला.” तो टोपीची कड चाचपत राहिला. “चांगला पोरगा होता गं. हाताने चुकायचा नाही. पण माणूस आहे. होतं.”

जोंग-रानने जबानी लिहिली, कागद त्याच्याकडे फिरवला आणि टेबलावरचा पेन पुढे केला. सकाळपासून नकाशांवर खुणा करून तिच्याजवळ तोच उरला होता.

प्योने पेनाकडे पाहिलं, हात मागे घेतला.

“लाल? एवढ्यात पोचवतेस का मला, पोरी?”

जोंग-रानला ओशाळल्यासारखं झालं. जिवंत माणसाचं नाव लाल शाईने लिहायचं नाही, हे इथे पोरं बाराखडीबरोबर शिकतात. लाल नाव मेलेल्याचं. तिने शेजारच्या टेबलावरून काळा पेन आणून दिला. प्योने ठसठशीत सही केली आणि पर्सिमन खाऊन घे, नाहीतर कडक होतील, असं सांगून तो गेला.

तिने एक खाल्लं. गोड होतं. पण कुठेतरी पाणी मुरत होतं.

*

दुसरी साक्ष छु मान-सिकची. इल-दो वेल्डिंग करायचा आणि छु बाही आवळून फेस भरायचा. आता त्याचं बाजारात हत्यारांचं दुकान होतं आणि तोंड पूर्वीइतकंच सुटलेलं होतं.

“इल-दो आणि बाही विसरणार?” छु म्हणाला. “मॅडम, तो माणूस विजार घालायला विसरला असता. सकाळी चरात उतरला की आधी बाही नळावर, मग चहा. मी म्हणायचो, बायकोला एवढी जपतोस का रे? तर म्हणायचा, बायको स्वतःला जपते, हिला कोण जपणार.”

“तुमचं आणि त्याचं भांडण होतं म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“रजिस्टरातच नोंद आहे. दहा नोव्हेंबर, दोघांना समज दिली.”

छु हसला. मग हसू विझलं. “पेनावरून. काळ्या नळावर नाव घालायला पांढऱ्या रंगाचा पेन लागतो. टोळीत एकच होता, तो ह्याच्या छातीच्या खिशात. लाल ढीगभर होते, दोषाची खूण करायला. मी ह्याचा पांढरा न विचारता घेतला आणि टोपण उघडं टाकलं. चार दिवस बोलला नाही माझ्याशी. पाचव्या दिवशी मेला.”

“केव्हा कळलं?”

“चौदाला सकाळी. कामावर येताना घाटात बर्फावरून मोटरसायकल घसरली. मी आणि मुकादम गेलो उचलायला. सोळाला शवपेटी खांद्यावर घेतली, पुढे मुकादम, मागे मी. मुकादम रडला नाही, एक शब्द नाही. मी मात्र त्यानंतर चरात पाय ठेवला नाही. तिथूनच गावी गेलो.”

“मग शेवटचे सांधे कुणी केले?”

“दोनचार राहिले असतील. मुकादमांनी कुणाला तरी आणलं असेल.”

“एकतिसावा तुम्ही केलात? त्याच्यावर उघडी बाही आहे.”

छुने हातातला पाना खाली ठेवला. “उघडी? मॅडम, त्या लाईनवर उघडी बाही मी डोळ्यांनीही पाहिली नाही. आकडे मला आठवत नाहीत, पण माझ्या हाताखालून ती गेली असती तर आठवली असती.”

खोटं बोलत असेल, तर छु चांगला नट होता. जोंग-रानने कार्यालयात येऊन जुनं हजेरीपत्रक काढलं. छुच्या नावापुढे चौदापासून पुढे रिकाम्या चौकटी होत्या. वेल्डरच्या रकान्यात एकवीसला नवा माणूस हजर झाल्याची नोंद. आणि चर बुजवल्याची तारीख अठरा.

सोळा ते अठरा. दोन दिवसांत चरात एकच माणूस होता.

पण रजिस्टर म्हणत होतं की एकतिसावा सांधा त्याआधीच, बाराला झालेला. रजिस्टरला फोटोची झेरॉक्स टाचलेली होती. काळ्या नळावर फिकट अक्षरात स्पष्ट नाव: मेंग इल-दो. खाली १२. रजिस्टर खोटं आहे हे सिद्ध कशावरून करणार? नाव तर होतंच.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी ती खानावळीत गेली. गिऱ्हाईक नव्हतं. या वेळी इथे बसायला जागा मिळत नसे.

ओक-बुनने न विचारता वाफाळतं सूप समोर ठेवलं. भिंतीवरच्या फोटोत इल-दो डोळे बारीक करून उन्हाकडे बघत होता.

“त्या दिवसांतलं काही आठवतं?” जोंग-रानने विचारलं. “बारा तारखेला तो काही बोलला होता? चूक झाली, त्रास झाला?”

“बाराला शेंगदाणे घेऊन घरी आला. मुलीला सोलून दिले.” ओक-बुन विचार करत राहिली. “तेराला म्हणाला, उद्या एकतिसावा, मग पूल. पूल झाला की सगळे समुद्रावर जाऊ.”

जोंग-रानचा चमचा थांबला.

“उद्या एकतिसावा, असं म्हणाला? नक्की?”

“मी त्याची बायको आहे, ताई. मला आकडेच ऐकवायचा रोज. पण बायकोचं कोण ऐकतं? दिरांना सांगितलं, तर म्हणाले, तू बोलणारच.”

खरं होतं. बायकोच्या आठवणीवर अहवाल उभा राहत नाही.

“त्याच्या वस्तू काही ठेवल्यात?”

“कपडे जाळले, रीतीप्रमाणे. हे जॅकेट नाही जाळलं. अंगावर होतं त्या दिवशी. धुतलं आणि मीच घालते.” ती उठली, गल्ल्याच्या खालचा खण ओढला. “खिशात हे होतं.”

तिने टेबलावर एक जाड पांढरा पेन ठेवला. रंगाचा. टोपण घट्ट लावलेलं, वर इन्सुलेशन टेपने चिकटवलेलं. टेपवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: छु, हात लावू नकोस.

जोंग-रानने तो उचलला. खूप वेळ ती त्याच्याकडे बघत बसली. सूप गार झालं.

चौदाच्या सकाळपासून टोळीत पांढरा पेन नव्हता.

“ताई? काय झालं?”

“नळ धुवायचा राहिलाय,” जोंग-रान म्हणाली आणि कोट घालून निघाली.

*

तिने कुणाला हाक मारली नाही. कार्यालयातली किटली भरून आणली आणि नळाच्या वरच्या अंगावर, बाहीच्या कडेला, गरम पाण्याची धार धरली. चिखल सुटला. मग दुसरी किटली. नावावर पारदर्शक पट्टी चिकटवायची कंपनीची पद्धत होती; ती पट्टी चिखलाखालून चकाकली. तिने अंगठ्याने पुसलं.

मेंग इल-दो. १२.

अक्षरं लाल होती.

तिला आनंद झाला नाही. ती तिथेच ठोकळ्यावर बसली. तिला जबानीतला तो मागे घेतलेला हात आठवला. मग तिने फोन काढला आणि प्योला बोलावून घेतलं.

तो लगेच आला. हातात झाडू होता. नळ धुतलेला पाहिला आणि त्याने झाडू भिंतीला टेकवून ठेवला, अगदी सावकाश, पडू नये म्हणून दोनदा नीट केला.

“बसा, काका.”

“उभा बरा आहे.”

“मी सांगते. चुकलं तर थांबवा.”

प्योने टोपी काढून हातात घेतली.

“झेरॉक्समध्ये लाल काय आणि पांढरं काय, दोन्ही फिकट दिसतं. म्हणून अकरा वर्षं हे कुणाला दिसलं नाही. मलाही नाही, मी तर मूळ फोटो पाहिलाच नव्हता, झेरॉक्सवर सही केली. आता बघा. बाराला हे नाव लिहिलं असतं तर पांढऱ्याने लिहिलं असतं, कारण पांढरा पेन इल-दोच्या खिशात होता. समजा नव्हता. तरी जिवंत इल-दोचं नाव लाल शाईने कोण लिहील? तो स्वतः लिहील? छु लिहील? तुम्ही तर परवा माझ्यासमोर लाल पेनाला हात लावला नाहीत.”

प्यो नळाकडे बघत होता.

“ज्याने हे लिहिलं, त्याला इल-दो मेलाय हे माहीत होतं. म्हणून त्याचा हात अडखळला नाही. नाव चौदाच्या नंतरचं आहे, तारीख मागची आहे. चौदानंतर छु चरात नव्हता. नवा वेल्डर एकवीसला आला. चर अठराला बुजला. राहता राहिलं कोण?”

“मी,” प्यो म्हणाला.

“तुमचा वेल्डिंगचा परवाना तीन वर्षं आधीच संपला होता. नजर उतरली होती. तुमच्या नावाचा सांधा कंपनीने धरलाच नसता. म्हणून नाव त्याचं.”

“सतरा तारीख होती,” प्यो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, म्हणून ऐकवत नव्हता. “वरून रोज फोन. थंडी वाढायच्या आत रस्ता बुजवा. वेल्डर पुढच्या आठवड्यात देऊ. मी म्हटलं, एकच सांधा आहे, मी करतो. हात अजून होता मला. आदल्या दिवशी त्याला मातीत ठेवून आलो होतो. खांदा दुखत होता पेटीने. वेल्डिंगचा मास्क खाली ओढला आणि तेव्हा रडू आलं. तीन दिवस आलं नव्हतं, तिथे आलं. मास्कमध्ये कुणाला दिसत नाही ना. रडत रडत सांधा पुरा केला. चांगला झाला होता. मास्क वर केला, तर बाही शेजारी वाळूत पडलेली.”

जोंग-रानने डोळे मिटले.

“बाही रोज सकाळी तोच चढवायचा गं. बारा वर्षं. मला कधी चढवावीच लागली नाही.”

जोंग-रानने बाहीच्या शिवणीवर बोट ठेवलं.

“उघडी बाही म्हणजे विष नव्हतं, काका,” जोंग-रान म्हणाली. “कोरड्या नळावर दोघांनी मिळून बसवली असती तर ती अजूनही टिकली असती. तुम्ही ती एकट्याने, ओल्या नळावर, पावसात गुंडाळली. खालची शिवण नीट तापलीच नाही. मला येऊन का नाही सांगितलंत?”

प्योने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

“सांगितलं असतं, तर परवानगी दिली असतीस?”

ती खोटं बोलू शकली असती. तिला रेघ आठवली.

“नाही,” ती म्हणाली. “तेव्हा नसती दिली. नळ कापायला लावला असता आणि तुमचं नाव वर कळवलं असतं.”

“मग.”

“पण ते अकरा वर्षांपूर्वीचं. ती चूक होती, आणि तिच्यात अर्धी मी आहे. पाच दिवसांपूर्वी गोंग आजी गेली. परवा तुम्ही माझ्यासमोर बसून इल-दोने केलं म्हणालात. ती चूक नव्हती, काका.”

प्यो खाली बसला. ठोकळ्यावर नाही, बर्फातच. “मेलेल्याला काय लागतं, असं वाटलं,” तो म्हणाला. “मला वाटलं, तो समजून घेईल. तो घेईलही.”

“त्याच्या नावाचं पान काढून घेतलंय, काका. नववर्षाला कागद लावणार नाहीत.”

हे त्याला माहीत नव्हतं. त्याने तोंडावर हात धरला. दर वर्षी इल-दोच्या श्राद्धाला पहिला पेला ओतायला तोच जायचा. ओक-बुन त्याच्यासाठी वेगळी गादी घालायची.

जोंग-रानने नवी जबानी तिथेच, गुडघ्यावर ठेवून लिहिली. वाचून दाखवली. प्योने मान हलवली आणि तिच्या खिशात अडकवलेल्या दोन पेनांकडे हात नेला. त्याने लाल ओढून काढला, टोपण उघडलं.

तिने त्याच्या हातातून तो काढून घेतला.

“तुम्ही जिवंत आहात,” ती म्हणाली. “काळ्याने लिहा.”

त्याने काळ्याने लिहिलं. सही परवासारखी ठसठशीत आली नाही. त्याच्याखाली, तपासणी अधिकारी या रकान्यात, तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे: सांधा न पाहता सही केली. मिनसाहेबांनी तो कागद वाचला तेव्हा ते दोनदा खुर्चीतून उठले आणि दोनदा बसले. पण कागद फाडला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

*

नववर्षाच्या आदल्या दुपारी जोंग-रान खानावळीत गेली. चुलीवर तांदळाच्या वड्यांचं सूप उकळत होतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी गोंग आजीचा मुलगा बसला होता, समोर रिकामा वाडगा. त्याने जोंग-रानला पाहून मान झुकवली आणि तो बाहेर गेला. त्याला सकाळीच सगळं सांगितलं होतं.

ओक-बुनने हात पुसले. या खेपेला ते ओले होते.

“विसरला नव्हता ना?”

“नाही. एकतिसावा त्याने केलाच नव्हता. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. अहवालात लिहिलंय, दिरांनाही प्रत पाठवलीय.”

“मग कुणी केला?”

जोंग-रानने सगळं सांगितलं, मास्कमधल्या रडण्यासकट. तेवढं गाळावं असं तिला एकदा वाटलं होतं, पण ओक-बुनने खरं मागितलं होतं.

ओक-बुन उभ्याने ऐकत होती. मधेच तिने चूल बारीक केली. सगळं सांगून झाल्यावर ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. रागावली की रडतेय, ते जोंग-रानला कळेना.

“गादी काढून ठेवली होती मी त्यांची,” ती म्हणाली. “उद्यासाठी.”

“आता नका घालू. कुणी काही म्हणणार नाही.”

ओक-बुनने गल्ल्याखालचा खण उघडला. पांढरा पेन काढला, टेपवरच्या अक्षरांवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि जोंग-रानच्या हातात दिला.

“प्यो भाऊजींना द्या,” ती म्हणाली. “इथं खणातच होता तो, अकरा वर्षं. दर वर्षी येऊन बसायचे इथं, हातभर अंतरावर. एकदा नुसतं मागायला हवं होतं, ताई. पेन दिला असता मी, ह्यांचं नावही.”